'शाळा' : कुमारवय, प्रथम प्रेम आणि मराठी भाषा

बाल्य आणि तारुण्य ह्यांच्या मधल्या वयाला मराठीत सर्वमान्य असे एक नाव नाही. 'कुमार' हा शब्द आहे. परंतु त्याचे स्त्रीलिंगी रूप 'कुमारी' हे वय दाखवीत नाही, ते विवाह झालेला नाही एवढेच दाखविते. पन्नाशीच्या अविवाहित स्त्रीच्या नावामागे 'कु.' लागते, त्याच वयाच्या पुरुषाच्या नावामागे ते कोणी लावीत नाही. 'किशोर' हा शब्द संस्कृतात मुळात घोड्याच्या शिंगराला लावीत. मराठीत तो रुळला आहे खरा, आणि बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या मासिकाचे नावही तेच आहे. तथापि आपल्या मुलाला घरात 'किशोर' म्हणणारे आईबाप विरळाच, मग ते मुलाचे पाळण्यातले नाव असेल तर गोष्ट वेगळी. 'पौगंडावस्था' हा तर केवळ ग्रंथातला शब्द होय. बोलीने ह्या वयाला नाम दिले नाही, क्रियापदे दिली : मिसरूड फुटते, कंठ फुटतो, मुलगा वयात येतो, मुलगी शहाणी होते. ह्यांपैकी 'कंठ फुटणे' हा वाक्प्रयोग विशेष विचार करण्याजोगा आहे. मुलाचा आवाज बदलू लागला म्हणजे त्याला कंठ फुटला असे म्हणतात, आणि मुका राहिलेला माणूस बोलू लागला म्हणजेही तेच म्हणतात. मिलिंद बोकील ह्यांच्या 'शाळा' ह्या कादंबरीचा विषय ह्या दोन अर्थांच्या मधोमध पडतो, असे तिच्या भाषेकडे बारकाईने पाहता म्हणावेसे वाटते.

ही कादंबरी मौज प्रकाशन गृहाने २००४ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे तीवरून 'गमभन' हे नाटक झाले आणि सुजय डहाके दिग्दर्शित चित्रपट २०१२ च्या आरंभी प्रदर्शित झाला. कुमारांसाठी लिहिलेले पुस्तक म्हणून ती प्रसिद्ध झाली नव्हती. परंतु नववी-दहावीच्या मुलांनी ती आपलीच मानली आणि त्यांच्याइतक्याच आवडीने ती चाळिशी ओलांडलेल्यांनीही वाचली. कथानक थोडे आहे. आणीबाणीच्या काळात मुंबईच्या परिसरातील एका गावी नववीत शिकणारा मुकुंद जोशी हा मुलगा आपली गोष्ट सांगतो. सुऱ्या, चित्र्या व फावड्या हे त्याचे सवंगडी. वर्गातील शिरोडकर ही मुलगी त्याला आवडू लागते. वर्ष संपते तेव्हा शिरोडकर गाव सोडून गेलेली असते. एवढ्या सामग्रीवर तीनशेच्या आसपास पृष्ठांची कादंबरी उभी राहते, ती घटनांच्या बळावर खचित नव्हे.

तिच्या भाषेकडे वळण्यापूर्वी एका प्रश्नाचा निकाल लावणे अवश्य आहे. शाळकरी वयातील प्रथम प्रेम हा विषय मराठी कादंबरीत इतक्या उशिरा का यावा? ह्याचे पहिले उत्तर सामाजिक आहे. प्रथम प्रेमाला मोकळा अवधी लागतो, आणि बाल्य व विवाह ह्यांच्यामध्ये असा अवधीच जेथे नाही तेथे त्याची कथा होऊ शकत नाही. हरिभाऊ आपटे ह्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रात १८९० पासून क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये ग्रंथरूप झाली. तिची निवेदिका यमू ही आपले बालपण आपल्या तोंडाने सांगते. मराठी कादंबरीत वाढत्या वयाचे निवेदन इतक्या सामर्थ्याने तेथे प्रथम आले. परंतु यमूचे प्रेम विवाहानंतरचे आहे आणि ते पतीवरचे आहे, कारण त्याच्या आधी प्रेमाला जागाच नव्हती. ही कादंबरी प्रसिद्ध होत असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे करण्यात आली आणि एवढ्याशा सुधारणेवरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ उडाला हे सर्वश्रुत आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींसाठी विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ते पंधरा होते; अठरा झाले ते १९७८ मध्ये. म्हणजे 'शाळा' ज्या काळात घडते त्या काळी, नववी उत्तीर्ण होऊन वयाची पंधरा वर्षे पुरी केलेल्या मुलीचे लग्न कायद्याने होऊ शकत होते. कादंबरीतील मुले बाकांवर बसून जे खेळकर प्रेम करतात त्याच्या पाठीमागे ही वस्तुस्थिती उभी आहे. मुलांना तिची जाणीव क्वचितच असते, मोठ्या माणसांना ती सदैव असते, आणि मोठी माणसे एवढी का भितात ह्याचे उत्तरही बहुधा त्यातच सापडते.

हा अवधी निर्माण केला शाळेने. त्यातही मुलगे आणि मुली ज्यांत एका वर्गात बसतात अशा माध्यमिक शाळेने. त्या दृष्टीने कादंबरीचे शीर्षक फार नेमके आहे. शाळा हे येथे प्रेमाचे स्थळ तर आहेच, पण प्रेमाचे कारणही आहे. ती नसती तर जोशी आणि शिरोडकर ही दोन कुटुंबे एकमेकांना ठाऊकही झाली नसती.

मध्यंतरीच्या काळात वाढत्या वयाचे चित्रण मराठीत झाले नाही असे नव्हे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या 'श्यामची आई' मध्ये मुलाचे घडणे आहे. परंतु तेथे घडविणारी आई आहे आणि वाढ म्हणजे संस्कार असे समीकरण आहे. भालचंद्र नेमाडे ह्यांच्या 'कोसला' (१९६३) ने निवेदकाला त्याची स्वतःची बोली परत मिळवून दिली. पुस्तकी मराठीची इस्त्री नसलेले 'मी'चे निवेदन त्यानंतर सोपे झाले, आणि 'शाळा' त्या ऋणातून मुक्त नाही. परंतु पांडुरंग सांगवीकर महाविद्यालयात जाणारा आहे आणि त्याच्या वाढीत प्रेमाला स्थान नगण्य आहे. 'शाळे'च्या सर्वात जवळ येतात त्या प्रकाश नारायण संत ह्यांच्या लंपनच्या कथा. त्यांचा पहिला संग्रह 'वनवास' १९९४ मध्ये आला आणि शेवटचा 'झुंबर' २००४ मध्ये, म्हणजे 'शाळा' आली त्याच वर्षी. लंपन कानडी मुलखाच्या सीमेवरची मराठी बोलतो, अतिशयोक्ती करताना गमतीदार नेमके आकडे देतो, आणि शेजारच्या सुमीविषयी त्याला जे वाटते त्याचे नाव त्याला ठाऊक नाही. मुकुंदाला ते नाव ठाऊक आहे. अडचण त्यानंतर सुरू होते.

ही अडचण भाषेची आहे. तिचा पहिला पुरावा नावांतच सापडतो. लंपनच्या मैत्रिणीचे नाव सुमी. मुकुंदाच्या मनातल्या मुलीचे शिरोडकर. पहिले नाव घरचे आहे. मराठीत जवळच्यांची नावे लहान करताना मुलांना '-या' आणि मुलींना '-ई' लागते : सुऱ्या, दिन्या, बाळ्या, सुमी, गंगी, शांती. ह्या रूपांत लाड आहे, अधिकार आहे आणि थोडी हेटाळणीही आहे. ज्याच्याशी आपण भांडू शकतो त्यालाच आपण असे हाक मारतो. बालपणी एका अंगणात खेळलेली मुलगी 'सुमी' राहू शकते. वर्गात भेटलेली मुलगी राहू शकत नाही. शाळा तिला हजेरीपटातल्या आडनावाने ओळखते आणि मुलेही तिला त्याच नावाने ओळखतात. मुलांची आडनावे मात्र फार दिवस कोरी राहत नाहीत. 'चित्रे' चे 'चित्र्या' होते, कोणाच्या शरीरावरून किंवा सवयीवरून 'फावड्या' असे नाव पडते. मुलींच्या आडनावांवर ही प्रक्रिया मुलांच्या तोंडून सहसा घडत नाही, आणि जिच्यावर मन बसले तिच्या आडनावावर तर नाहीच नाही. मुकुंद हा सबंध कादंबरीभर 'शिरोडकर' असेच म्हणतो. परभाषिक वाचकाला ह्यात रुक्षपणा वाटेल. मराठी वाचकाला त्यात अदब ऐकू येते, आणि जपणूकही.

ही जपणूक समजण्यासाठी मराठी समाजात नाव घेणे ही काय गोष्ट आहे ते आठवावे लागते. पतीचे नाव पत्नीने उच्चारावयाचे नाही, आणि उच्चारावयाचेच तर उखाण्यात गुंफून, चारचौघींच्या आग्रहावरून, ही रीत अगदी परवापरवापर्यंत घरोघर पाळली जात होती व मंगल कार्यात ती आजही हौसेने पाळली जाते. 'नाव घे' ह्याचा अर्थच 'उखाणा घे' असा झाला आहे. ज्या भाषेत जवळच्या माणसाचे नाव घेणे हा विधी ठरतो, त्या भाषेत चौदा वर्षांच्या मुलाने आवडत्या मुलीचे पहिले नाव मनातल्या मनातही न घेणे हे स्वाभाविकच आहे. ह्याला जोडूनच सर्वनामाचा विचार केला पाहिजे. एका वर्गातली मुले एकमेकांना 'तू' म्हणतात. हाच 'तू' विवाहानंतर एका बाजूने टिकतो व दुसऱ्या बाजूने 'अहो' मध्ये बदलतो, अशी मराठी मध्यमवर्गाची दीर्घकाळची पद्धती होती. तेव्हा आडनावाने दूर ठेवलेल्या व्यक्तीला 'तू' म्हणता येणे, ही सवलत केवळ शाळेत मिळते. त्याआधीच्या अंगणात आडनाव नसते. त्यानंतरच्या संसारात, निदान त्या पिढीच्या संसारात, दोन्ही बाजूंचा 'तू' नसतो. जोशी आणि शिरोडकर ह्यांचे नाते ज्या काही महिन्यांपुरते शक्य होते ते नेमके ह्या व्याकरणात मावणारे आहे.

दुसरा पुरावा टोळीच्या बोलीत आहे. मुकुंदाची मित्रमंडळी मुलींविषयी अखंड बोलते, आणि त्यासाठी त्यांच्यापाशी तयार शब्दकोश आहे. 'लाईन' हा त्यातला मध्यवर्ती शब्द. मुंबई आणि तिच्या आसपासच्या मराठीत मुलगा लाईन 'मारतो' आणि मुलगी लाईन 'देते'. शब्द इंग्रजीतून आला असला तरी क्रियापदांची वाटणी पूर्णपणे देशी आहे : डोळा मारणे, हाक मारणे, दाद देणे, मान देणे ह्या जुन्या जोड्यांच्या साच्यात तो बसविला आहे. मारणारा एक, देणारी एक, म्हणजे व्यवहार. ह्या व्यवहाराची वार्ता लगेच सर्वांना समजते, त्यावर चर्चा होते, कोणाची लाईन कोणाला ह्याचा हिशेब ठेवला जातो. 'इचिभना' सारखे, मूळ अश्लील अर्थ झिजून केवळ ठेका उरलेले उद्गार ह्या बोलीत पदोपदी येतात. मुलांना मोठ्यांसारखे निर्ढावलेले दिसावयाचे आहे, पण शिवी देण्याचे धैर्य अजून पुरते आलेले नाही, हे त्या घासून गुळगुळीत झालेल्या उद्गारांवरून चांगले कळते.

ही बोली कादंबरीची मोठी शोभा आहे आणि तिच्या लोकप्रियतेचे एक कारणही. परंतु तिच्याकडे केवळ गंमत म्हणून पाहिले तर कादंबरीतला पेच हातचा निसटतो. मुकुंदाला शिरोडकरविषयी जे वाटते ते ह्या बोलीत सांगता येत नाही. सांगताच ते 'लाईन' होते, म्हणजे टोळीच्या मालकीचे होते. दुसरीकडे पुस्तकांची आणि चित्रपटांची भाषा आहे. तिच्यात 'प्रेम' हा शब्द आहे, पण तो मोठ्या माणसांचा आहे, आणि नववीतल्या मुलाने तो उच्चारला तर त्याचे त्यालाच हसू यावे. घरच्या भाषेत तर ह्या गोष्टीला शब्दच नाही. 'तसले', 'नको ते', 'भलतेसलते' ही सर्वनामवजा विशेषणे त्या जागी वापरली जातात. मध्यमवर्गीय मराठी घरांनी ह्या एका विषयासाठी केवढा संदिग्ध शब्दसंग्रह जोपासला आहे ह्याचा कोणी स्वतंत्र अभ्यास केल्यास तो मनोरंजक होईल. सारांश, तीन भाषा मुलाला अवगत आहेत आणि तिन्ही निरुपयोगी आहेत.

ह्यावर मराठीच्या व्याकरणात एक चौथी वाट आहे, आणि तिचा विचार केल्यावाचून ह्या कादंबरीतील प्रेमाचे स्वरूप नीट ध्यानात येत नाही. मनात आणि शरीरात आपोआप घडणाऱ्या गोष्टी मराठी भाषा माणसाच्या कर्तृत्वाखाली सहसा घालीत नाही. मला भूक लागते, मला थंडी वाजते, मला तिची आठवण येते, मला लाज वाटते, मला गोष्ट सुचते, मला कळते. ज्याला अनुभव येतो तो येथे चतुर्थीत असतो. 'मला ती आवडते' हे वाक्य ह्याच जातीचे. त्यातील क्रियापद 'ती' शी जुळते. बोलणारा मुलगा की मुलगी ह्याचा क्रियापदाला पत्ताही नसतो. 'मला तो आवडतो' असे म्हटले की क्रियापद लगेच बदलते, बोलणारा आहे तेथेच राहतो. ही रचना केवळ मराठीची नाही. हिंदी, बंगाली तसेच कन्नड, तमिळ ह्या द्राविडी भाषांतही ती आहे आणि दक्षिण आशियातील भाषांचे एक समान लक्षण म्हणून भाषाशास्त्रज्ञांनी तिचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. ह्याउलट 'मी तिच्यावर प्रेम करतो' ह्या वाक्यात बोलणारा प्रथमेत आहे, क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, आणि प्रेम ही त्याने 'केलेली' गोष्ट ठरते. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही बोलण्यात नाटकी वाटते, ते उगाच नव्हे. 'प्रेमात पडणे' हा इंग्रजीवरून घेतलेला आणि आता पुरता रुळलेला प्रयोग ह्या दोहोंच्या मध्ये आहे. त्यात पडणारा प्रथमेत असतो, पण पडणे ही काही कोणी करावयाची गोष्ट नव्हे.

'शाळा' मधील मुकुंद कादंबरीचा बराचसा भाग 'मी' असूनही 'मला' च्या जागी उभा असतो. त्याला दिसते, त्याला वाटते, त्याला हुरहुर लागते; तो रस्त्याने जातो ते ती दिसावी म्हणून आणि वर्गात बसतो ते तिची पाठमोरी वेणी नजरेच्या टप्प्यात राहावी म्हणून. अवघ्या चार शब्दांची देवघेव त्याला कित्येक दिवस पुरते. अशा अनुभवाला घटना लागत नाहीत, आणि म्हणूनच कथानक तुटपुंजे असूनही कादंबरी रेंगाळल्यासारखी होत नाही. क्वचित ती रेंगाळतेही. टोळीच्या खोड्यांचे काही प्रसंग एकासारखे एक आहेत आणि त्यांतले दोनचार गाळले असते तर हानी झाली नसती. परंतु वाट पाहण्याचा काळ लांब आहे हे वाचकाला स्वतः वाट पाहिल्यावाचून कळत नाही, हेही खरे.

सुऱ्या हा ह्याच्या नेमका उलट. त्याला जे वाटते ते तो करून मोकळा होतो. केवडा ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलीला तो विचारतो. येथे 'विचारणे' ह्या क्रियापदाची एक लकब पाहण्यासारखी आहे. मराठीत 'त्याने तिला विचारले' एवढेच म्हटले आणि काय विचारले ते सांगितले नाही, तर तरुणांच्या बोलीत त्याचा एकच अर्थ होतो. कर्म गाळले जाते, आणि गाळलेले कर्म सर्वांना ठाऊक असते. सुऱ्याचा हा प्रकार शाळेच्या वरिष्ठांपर्यंत जातो आणि त्याची झळ मुकुंदालाही लागते. मुकुंदाच्या मनातली गोष्ट तोवर त्याची एकट्याची होती. आता ती 'प्रकरण' ह्या शब्दाखाली येते. मोठ्या माणसांच्या मराठीत प्रेमाला मिळणारे हे पहिले नाम. वर्तमानपत्रांत ज्याला प्रकरण म्हणतात, कचेरीत ज्या कागदांच्या गठ्ठ्याला प्रकरण म्हणतात, तोच शब्द.

मोठी माणसे म्हणजे सगळीच एका भाषेची नव्हेत, हे दाखविण्यात बोकिलांनी समजूत राखली आहे. मुकुंदाचा नरूमामा भाच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. मराठी कुटुंबात मामाला ही मोकळीक परंपरेनेच आहे. काका हा वडिलांच्या बाजूचा, त्याच्याशी धाक येतो, मामाकडे मुले सुट्टीत जातात. कादंबरीकाराने ह्या नात्याची निवड केली ती सहज असेल, पण अचूक आहे. मुकुंदाला प्रेमाविषयी ज्या एका प्रौढ माणसाशी सरळ बोलता येते तो मामाच असू शकतो. थोरल्या बहिणीला तो 'अंबाबाई' म्हणतो, ह्यातही घरगुती मराठीतली भावंडांची कुरबुर सहीसही उतरली आहे.

आता आणीबाणी. २५ जून १९७५ रोजी ती जाहीर झाली, म्हणजे महाराष्ट्रातील शाळा उघडतात त्याच महिन्यात. उठली ती २१ मार्च १९७७ रोजी. ह्या कादंबरीत ती पार्श्वभूमीला असते; मोठ्यांच्या कुजबुजीतून, भिंतींवरच्या घोषणांतून, माणसांच्या अबोल होण्यातून मुलांना ती कळते. काही समीक्षकांना हा धागा वरून जोडल्यासारखा वाटणे शक्य आहे. भाषेच्या अंगाने पाहता तसे वाटत नाही. त्या काळाचा घोषशब्द होता 'अनुशासन'. हा शब्द शासनाच्या हिंदीतून मराठी भिंतींवर आला. मराठी शाळेत त्या जागी 'शिस्त' हा शब्द पूर्वीपासून होता. 'शिस्त' हा फारसीतून आलेला असून जुन्या मराठीत त्याचा अर्थ नेम असा होतो. बंदुकीची शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. मुलांच्या दृष्टीने दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : बोलू नये. वर्गात बोलू नये, मुलींशी बोलू नये, सरकारविषयी बोलू नये. ज्याला कंठ फुटत आहे अशा मुलाभोवतीचे सगळे जग त्याच वेळी आवाज खाली करून बोलू लागते, हा योगायोग लेखकाने रचला नाही. तो त्या पिढीच्या वाट्याला खरोखरच आला होता. १९६० साली जन्मलेले बोकील स्वतः त्याच पिढीचे, आणि समाजशास्त्र हा त्यांच्या अध्ययनाचा विषय. ह्या दोन्हींचा एकत्रित परिणाम म्हणून त्यांनी मुलांच्या तोंडी राजकीय शहाणपण घातले नाही, ही मोठी गोष्ट होय.

एक उणीव मात्र नमूद केली पाहिजे, आणि ती लेखकाच्या कौशल्याची नसून त्याने पत्करलेल्या निवेदनाची आहे. शिरोडकरच्या मनात काय होते? वाचकाला तिचे पाहणे कळते, थांबणे कळते, थोडे शब्द कळतात. त्यांचा अर्थ लावतो तो मुकुंद. 'मला ती आवडते' ह्या वाक्यात 'ती' क्रियापदाची मालकीण असली तरी आवडण्याचा अनुभव तिचा नव्हे. प्रकरण झाल्यावर तिच्या घरात कोण काय बोलले, केवड्याच्या घरात काय झाले, त्या मुलींना पुढे शाळेत पाठविले ते कोणत्या अटींवर, हे निवेदकाच्या कानावर येऊ शकत नाही, म्हणून वाचकाच्याही येत नाही. मुलगा नापास झाला, मार खाल्ला, तर त्याची गोष्ट होते. मुलीचे 'नाव' होते, म्हणजे बदनामी होते. 'नाव घेणे' आणि 'नाव होणे' ह्यांतील हे अंतर मराठी मुलींना शाळकरी वयातच शिकावे लागते, आणि १९७८ पूर्वीच्या कायद्याने ते अंतर फारच थोडे ठेवले होते. हीच नववी शिरोडकरच्या तोंडून सांगितली गेली असती तर तिची बोली कोणती असती? मुलींच्या घोळक्याचीही स्वतःची बोली असते, खुणा असतात, मुलांना ठेवलेली नावे असतात. यमूनंतर शतकाहून अधिक काळ लोटला. पण वयात येणाऱ्या मराठी मुलीच्या त्या बोलीतील निवेदनाला 'शाळे'इतकी दीर्घ आणि निवांत जागा मिळाल्याचे उदाहरण शोधू जाता चटकन हाती लागत नाही.

कादंबरीच्या अखेरीस शिरोडकर नसते, मित्र पांगू लागलेले असतात, आणि समोर दहावी असते. महाराष्ट्रात दहावीअखेर शालान्त परीक्षा घेण्याची पद्धती १९७५ पासून आली होती. त्यापूर्वी ती अकरावीला होत असे. म्हणजे मुकुंदाच्या पिढीला शाळेतले एक वर्ष आधीच्या पिढीपेक्षा कमी मिळाले. तो आता अभ्यासाला बसणार असतो. ती कोठे गेली हे तो कोणाला विचारू शकतो. परंतु येथे 'विचारणे' ह्याला कर्म लागते.